कप की करार: मारियान होसाच्या २००८ मधील निर्णयाचा प्रकरण अभ्यास

२ जुलै २००८ रोजी स्लोव्हाकियाचा आइस हॉकीपटू मारियान होसा याने डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाशी एका वर्षाचा, ७४ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. रक्कम लहान नव्हती. परंतु त्याच आठवड्यात त्याच्यापुढे असलेले इतर प्रस्ताव पाहिले की हा करार कोड्यात टाकतो. त्या वेळच्या बातम्यांनुसार कॅनडातील एडमंटन ऑयलर्स हा संघ त्याला नऊ वर्षांसाठी आठ कोटी डॉलरहून अधिक देण्यास तयार होता, आणि ज्या पिट्सबर्ग पेंग्विन्सकडून तो महिन्याभरापूर्वी अंतिम मालिका खेळला होता त्यांनी पाच वर्षांसाठी वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर देऊ केले होते. होसाने दोन्ही प्रस्ताव नाकारले आणि त्याचे कारणही आडपडदा न ठेवता सांगितले. स्टॅनली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीचा विजेतेपदाचा चषक, जिंकण्याची सर्वांत चांगली संधी त्याला डेट्रॉइटमध्ये दिसत होती.

त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच पिट्सबर्गने डेट्रॉइटला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवले. ज्या संघाला सोडून होसा कपाच्या शोधात निघाला होता त्याच संघाने तो कप त्याच्या डोळ्यांदेखत उचलला, आणि एखाद्या बोधकथेला शोभावी अशी ही घटना उत्तर अमेरिकेच्या हॉकीवर्तुळात पुढे अनेक वर्षे चघळली गेली. काहींनी तिच्यातून निष्ठेचा धडा काढला, तर काहींनी हावरेपणाचा; तोही पैशाचा नव्हे, चषकाचा. या प्रकरणाचे आकडे मात्र नीट मांडून पाहिले तर हे दोन्ही धडे टिकत नाहीत. होसाने पैसा सोडून कप निवडला, असे म्हणणेच मुळात अर्धवट आहे. त्याने सोडली ती वर्षे, म्हणजेच कराराची मुदत, आणि व्यावसायिक हॉकीमध्ये मुदत हे वेगळेच चलन आहे.

पगारमर्यादेची चौकट

हे समजण्यासाठी नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, आर्थिक नियम ध्यानात घ्यावा लागतो. मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि त्यातून जो नवा सामूहिक करार निघाला त्याने प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २००८-०९ च्या हंगामासाठी ती ५ कोटी ६७ लाख डॉलरवर पोहोचली होती. कोणत्याही एका खेळाडूला या मर्यादेच्या वीस टक्क्यांहून अधिक पगार देता येत नसे.

आयपीएलच्या लिलावातील रकमेच्या मर्यादेशी मराठी वाचक परिचित आहे. मात्र तिथे जो संघ जास्त बोली लावेल त्याच्याकडे खेळाडू जातो, त्याला स्वतःला निवड नसते. एनएचएलमध्ये करार संपलेला आणि ठरावीक वय किंवा सेवाकाळ पूर्ण केलेला खेळाडू 'फ्री एजंट' होतो, आणि १ जुलैपासून तो कोणत्याही संघाशी स्वतः वाटाघाटी करू शकतो. म्हणूनच कमी पैशात चांगल्या संघाकडे जाण्याचा प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

यातली मेख अशी की मर्यादेखाली खेळाडूचा पगार आणि संघाची ताकद या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत. एका खेळाडूने दहा लाख डॉलर जास्त घेतले की तेवढेच पैसे दुसऱ्या कुणाला तरी देता येत नाहीत. मर्यादा नसताना स्वस्तात खेळणारा खेळाडू प्रामुख्याने मालकाचा खर्च वाचवत असे. मर्यादा आल्यावर तो आपल्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यासाठी जागा मोकळी करतो.

मुदतीचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. मर्यादेच्या हिशेबात खेळाडूचा त्या वर्षीचा प्रत्यक्ष पगार धरला जात नव्हता, तर संपूर्ण करारातील रकमेची वार्षिक सरासरी धरली जात होती. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत भरघोस आणि शेवटच्या वर्षांत नाममात्र पगार दाखवून करार लांबवला की सरासरी खाली येई, खेळाडूच्या हातात पैसे लवकर पडत आणि संघाच्या खात्यात जागाही उरे. २००६ ते २०१० या काळात एनएचएलमध्ये दहा, बारा, तेरा, पंधरा वर्षांच्या करारांची जी लाट आली होती तिच्यामागे हे गणित होते. अलेक्झांडर ओवेच्किनने जानेवारी २००८ मध्ये वॉशिंग्टनशी तेरा वर्षांचा करार केला होता. अशा दिवसांत एक वर्षाच्या करारावर सही करणे म्हणजे वाहत्या पाण्याच्या उलट पोहण्यासारखे होते.

दहा वर्षांची पार्श्वभूमी

होसाचा जन्म १९७९ चा, गाव स्तारा लुबोव्ह्ना. त्याचे बालपण मात्र ट्रेन्चीनमध्ये गेले. वडील फ्रांतिशेक हॉकी प्रशिक्षक आणि धाकटा भाऊ मार्सेल पुढे एनएचएलमध्ये खेळला, असे हे घर होते. १९९७ च्या खेळाडू निवडीत (ड्राफ्टमध्ये), जिथे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात, ओटावा सेनेटर्सने त्याला बाराव्या क्रमांकावर घेतले. ओटावाचा संघ त्या काळात नियमित हंगामात दणदणीत खेळत असे आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, ढेपाळत असे. २००३ मध्ये तो अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर, न्यू जर्सीविरुद्धच्या सातव्या सामन्यात हरला. ऑगस्ट २००५ मध्ये ओटावाने होसाशी तीन वर्षांचा करार केला आणि त्याच दिवशी डॅनी हीटलीच्या बदल्यात त्याला अटलांटा थ्रॅशर्सकडे धाडून दिले. सही केलेल्या कागदाची शाई वाळण्याआधी शहर बदलण्याचा हा अनुभव त्याच्या पुढच्या निर्णयांकडे पाहताना विसरून चालत नाही. करारावर खेळाडूची सही असते, पण त्या कराराची अदलाबदल करण्याचा अधिकार बहुधा संघाकडे असतो.

अटलांटात त्याने २००६-०७ मध्ये ४३ गोल आणि ५७ साहाय्ये, म्हणजे पूर्ण १०० गुण मिळवले. त्या वर्षी संघ प्लेऑफमध्ये पोहोचला आणि न्यू यॉर्क रेंजर्सकडून चारही सामने हरून बाहेर पडला. पुढच्या फेब्रुवारीत, करार संपण्याच्या बेतात असलेला हा खेळाडू हातातून फुकट जाऊ नये म्हणून अटलांटाने त्याला पिट्सबर्गला दिले. बदल्यात कोल्बी आर्मस्ट्राँग, एरिक क्रिस्टेन्सन, अँजेलो एस्पोझिटो आणि खेळाडू निवडीतील पहिल्या फेरीची एक निवड अशी घसघशीत किंमत पिट्सबर्गने मोजली. होसाबरोबर या व्यवहारात पास्कल ड्युपुई नावाचा एक मेहनती, पण फारसा चर्चेत नसलेला खेळाडूही गेला. त्याचे नाव ध्यानात ठेवावे.

पिट्सबर्गमध्ये सिडनी क्रॉस्बीच्या जोडीने होसाने त्या प्लेऑफमध्ये २० सामन्यांत १२ गोल आणि १४ साहाय्ये केली. अंतिम मालिकेत गाठ पडली ती डेट्रॉइटशी. ४ जून २००८ रोजीच्या सहाव्या सामन्यात डेट्रॉइट ३-१ ने पुढे असताना, सामना संपायला दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, होसाने गोल करून अंतर एकावर आणले. अगदी शेवटच्या क्षणी त्याने ढकललेली रबरी चकती गोलरक्षक क्रिस ऑस्गुडला चुकवून गोलच्या तोंडावरून आडवी सरकत गेली, पण आत शिरली नाही. घड्याळ थांबले आणि डेट्रॉइटने कप जिंकला. एनएचएलमधील दहा हंगामांनंतर लाभलेली पहिली अंतिम मालिका अशी काही इंचांनी निसटलेल्या माणसाने महिन्याभरात जो निर्णय घेतला, तो थंड डोक्याने घेतला की घायकुतीला येऊन, हे बाहेरून सांगणे कठीण आहे. आकडे मात्र थंड डोक्याच्या बाजूने झुकतात.

निर्णयाच्या वेळी काय माहीत होते

एखादा निर्णय पारखायचा तर तो घेतला गेला त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरच पारखावा लागतो. २ जुलै २००८ रोजी डेट्रॉइट हा विजेता संघ तर होताच, शिवाय नियमित हंगामात ११५ गुणांसह लीगमध्ये पहिलाही आला होता. निकलस लिडस्ट्रॉम, पावेल दात्स्युक आणि हेन्रिक झेटरबर्ग हे तिघे त्याच्याकडे होते. व्यवस्थापक केन हॉलंड आणि प्रशिक्षक माइक बॅबकॉक यांची जोडी स्थिर होती. १९९७ पासून या संघाने चार वेळा कप जिंकला होता.

पिट्सबर्गही कच्चा संघ नव्हता. त्याच्याकडे क्रॉस्बी आणि येवगेनी मल्किन होते, दोघेही विशीच्या सुरुवातीला. परंतु त्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या तिजोरीवर एकाच वेळी अनेकांचे हात होते. क्रॉस्बीचा वर्षाला ८७ लाखांचा करार याच हंगामात सुरू होत होता. मल्किनशी तेवढ्याच रकमेचा करार त्याच दिवसांत झाला. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी आणि बचावपटू ब्रूक्स ऑर्पिक यांनाही लांब मुदतीचे करार दिले गेले. होसाला वर्षाला ७० लाख देऊन उरलेल्या पैशांत संघाची दुसरी-तिसरी फळी कशी उभारायची, हा प्रश्न पिट्सबर्गला पडला असता, आणि तो होसालाही दिसत असणार.

एडमंटनचा प्रस्ताव रकमेने सर्वांत मोठा होता. २००६ मध्ये हा संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला होता, पण त्यानंतरची दोन वर्षे त्याला प्लेऑफही गाठता आले नव्हते. पुढे काय झाले हे आज आपल्याला माहीत आहे: २००६-०७ पासून सलग दहा हंगाम एडमंटन प्लेऑफच्या बाहेर राहिला. होसाने तो नऊ वर्षांचा करार केला असता तर तो २०१६-१७ पर्यंत चालला असता, आणि त्या नऊपैकी केवळ शेवटच्या वर्षी एडमंटन प्लेऑफमध्ये पोहोचला. होसा तिथे असता तर चित्र काहीसे बदलले असते, हे मान्य. पण एका खेळाडूने, तोही बाजूच्या जागेवर खेळणाऱ्याने, दशक पालटले असते असे मानायला फारसा आधार नाही. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २००९ च्या उन्हाळ्यात, ज्याच्या बदल्यात होसा अटलांटाला गेला होता त्या डॅनी हीटलीनेही एडमंटनला जाण्यास नकार दिला.

मग डेट्रॉइटची संधी नेमकी किती होती? प्लेऑफमध्ये सात सामन्यांच्या चार मालिका जिंकाव्या लागतात. एखादा संघ इतका वरचढ आहे की प्रत्येक मालिका जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे, असे उदारपणे धरले तरी चारही जिंकण्याची शक्यता २४ टक्के येते. ७५ टक्के धरली तर ती ३२ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे लीगमधला सर्वोत्तम संघ निवडूनही होसाच्या पदरात फार तर तीनात एक अशी संधी पडत होती. लागोपाठ दोन वर्षे कप जिंकण्याचा पराक्रम त्याआधी शेवटचा १९९८ मध्ये झाला होता, आणि तो करणारा संघ डेट्रॉइटच होता. एक वर्षाचा करार हा त्या अर्थाने एकाच सोडतीचे एक तिकीट होते. ते महागडे होते आणि इतर तिकिटांपेक्षा चांगलेही होते, पण होते एकच. माझ्या मते या निर्णयातला कच्चा दुवा येथे आहे. संघाची निवड अचूक होती, पण संधी एकदाच मिळेल अशी तिची रचना होती.

तसे करण्यामागेही कारण होते. डेट्रॉइटला झेटरबर्ग आणि योहान फ्रान्झेन यांचे करार पुढच्या वर्षभरात करायचे होते. होसाला दीर्घ करार देण्याइतकी जागा त्यांच्याकडे नव्हती. एका वर्षापुरती होती. तेव्हा डेट्रॉइटमध्ये यायचे तर मुदतीवर पाणी सोडूनच यावे लागणार होते. वार्षिक पगारात मात्र त्याने काहीच सोडले नाही. ७४ लाख ५० हजार हा आकडा पिट्सबर्गच्या कथित वार्षिक रकमेपेक्षा जास्तच भरतो. त्याने पत्करली ती जोखीम: एकोणतीस वर्षांच्या शरीरावर, दर रात्री मैदानाभोवतीच्या फळीवर आदळणाऱ्या खेळात, पुढच्या वर्षाची कोणतीही हमी न घेता एक अख्खा हंगाम काढण्याची.

२००८-०९

हंगाम त्याने उत्तम काढला. ७४ सामन्यांत ४० गोल आणि ३१ साहाय्ये केली. डेट्रॉइटने ११२ गुण मिळवले, प्लेऑफच्या पश्चिम विभागीय अंतिम फेरीत शिकागो ब्लॅकहॉक्सला ४-१ असे हरवले आणि पुन्हा अंतिम मालिका गाठली. जानेवारीत झेटरबर्गने बारा वर्षांच्या आणि एप्रिलमध्ये फ्रान्झेनने अकरा वर्षांच्या करारावर सही केली होती, त्यामुळे होसाचा डेट्रॉइटमधील मुक्काम लांबणे अवघड आहे हे अंतिम मालिकेआधीच उघड होते.

पलीकडे पिट्सबर्गने होसासाठी राखलेल्या जागेत मिरोस्लाव शातान आणि रुस्लान फेडोटेंको यांना एकेक वर्षासाठी आणले. हंगामाच्या मध्यावर संघ घसरला, फेब्रुवारी २००९ मध्ये प्रशिक्षक मिशेल तेरियन यांना हटवून डॅन बायल्स्मा यांना आणले गेले, आणि पाठोपाठ क्रिस कुनिट्झ व बिल गेरिन या दोघांना अदलाबदलीतून घेऊन क्रॉस्बीच्या दोन्ही बाजू भरण्यात आल्या. होसाच्या पगाराचा बोजा डोक्यावर असता तर हे व्यवहार इतक्या सहज जमले असते का, याबद्दल मला शंका आहे. त्याचे जाणे पिट्सबर्गच्या पथ्यावर पडले, असे म्हणण्याइतपत तरी हा पुरावा पुरतो.

अंतिम मालिकेत डेट्रॉइट प्रथम २-० आणि मग ३-२ असा पुढे होता. १२ जून २००९ रोजीचा सातवा सामना डेट्रॉइटच्या घरी, जो लुई अरीनामध्ये झाला. मॅक्सिम टॅल्बोने पिट्सबर्गचे दोन्ही गोल केले. जोनाथन एरिक्सनने डेट्रॉइटतर्फे एक फेडला, आणि शेवटच्या सेकंदाला लिडस्ट्रॉमने मारलेली चकती फ्लरीने झेपावून अंगावर घेतली. निकाल २-१ असा लागला. सात सामन्यांत होसाला एकही गोल करता आला नाही. सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेने एकमेकांशी हस्तांदोलन करतात, तेव्हा त्याला जुन्या सहकाऱ्यांच्या संपूर्ण रांगेसमोरून जावे लागले. त्या रांगेत ड्युपुईही होता. अटलांटातून होसाच्या व्यवहारात जोडीला म्हणून आलेला, पिट्सबर्गमध्येच राहिलेला आणि आता विजेता ठरलेला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री बहुतेकांना ठाऊक नव्हती. होसाचा खांदा दुखावलेला होता आणि त्या उन्हाळ्यात त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. गोल न होण्याचे खापर सर्वस्वी दुखापतीवर फोडता येणार नाही, पण मुदत सोडण्यात जी जोखीम होती ती पहिल्याच वर्षी दारात येऊन उभी राहिली होती. खांद्याचा प्रश्न जरा अधिक गंभीर निघाला असता, तर एडमंटनचे आठ कोटी नाकारणारा खेळाडू अशीच त्याची ओळख उरली असती.

दुसरा करार

१ जुलै २००९ रोजी होसाने शिकागोशी बारा वर्षांचा, ६ कोटी ३३ लाख डॉलरचा करार केला. पहिली सात वर्षे दरसाल ७९ लाख, आठव्या वर्षी ४० लाख आणि उरलेली चार वर्षे दरसाल फक्त १० लाख अशी त्याची रचना होती. सरासरी निघते ५२ लाख ७५ हजार. म्हणजे सुरुवातीच्या प्रत्येक वर्षी होसाच्या हाती ७९ लाख पडत असताना शिकागोच्या मर्यादेत ५२ लाख ७५ हजारच मोजले जात होते. फरक २६ लाख २५ हजारांचा. जोनाथन टोव्ह्स, पॅट्रिक केन आणि डंकन कीथ यांचे नवे करार त्याच डिसेंबरमध्ये करणाऱ्या संघाला ही जागा किती मोलाची होती, हे वेगळे सांगायला नको.

शस्त्रक्रियेमुळे तो नोव्हेंबरच्या अखेरीस बर्फावर उतरला. त्या वर्षीच्या प्लेऑफमधील एक सामना त्याच्या नशिबाचा फेरा उलटा फिरल्याचे सांगतो. नॅशव्हिलविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, संघ एका गोलने मागे असताना आणि मिनिटभरच उरले असताना, होसाने प्रतिस्पर्ध्याला मागून फळीवर ढकलले आणि त्याला पाच मिनिटांची शिक्षा झाली. एक गडी कमी असलेल्या शिकागोला केनने १३.६ सेकंद उरले असताना बरोबरी मिळवून दिली. अतिरिक्त वेळेत शिक्षा संपवून होसा बाहेर आला तो थेट गोलसमोर जाऊन थांबला, आणि विजयी गोल त्याच्याच काठीवरून झाला. ९ जून २०१० रोजी शिकागोने फिलाडेल्फियाला सहाव्या सामन्यात हरवले. लागोपाठ तीन वर्षे तीन वेगवेगळ्या संघांकडून अंतिम मालिका खेळणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. कर्णधार टोव्ह्सने कप हातात घेतल्यावर तो सर्वप्रथम होसाकडे सोपवला. पुढे २०१३ आणि २०१५ मध्येही शिकागोने कप जिंकला आणि होसा दोन्ही वेळा संघात होता.

हिशेब

आता आकडे शेजारी ठेवू. २००८-०९ ते २०१६-१७ या नऊ हंगामांत होसाच्या करारांतील पगार असे होते: डेट्रॉइटचे ७४ लाख ५० हजार, शिकागोची सात वर्षे प्रत्येकी ७९ लाख म्हणजे ५ कोटी ५३ लाख, आणि शेवटच्या वर्षीचे ४० लाख. एकूण ६ कोटी ६७ लाख ५० हजार. एडमंटनचा प्रस्ताव नऊ वर्षांचा आणि ८ कोटी १० लाखांच्या घरात होता असे धरले, तर फरक सुमारे १ कोटी ४२ लाख डॉलरचा येतो. कर, लीगने पगारातून राखून ठेवलेला हिस्सा आणि २०१२-१३ च्या टाळेबंदीत कापले गेलेले सामने यांमुळे प्रत्यक्ष हातात पडलेल्या रकमा निराळ्या असतील, पण ती कात्री दोन्ही बाजूंना लागली असती. पिट्सबर्गच्या कथित प्रस्तावाशी तुलना केली तर चित्र आणखी बोलके आहे. पाच वर्षांचे साडेतीन कोटी नाकारणाऱ्या होसाला त्याच पाच वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख ५० हजारांचे करार मिळाले.

ज्याला सर्वांनी त्याग म्हटले तो असा होता. सर्वांत मोठ्या प्रस्तावाच्या तुलनेत साधारण साडेसतरा टक्के घट, दुसऱ्या प्रस्तावाच्या तुलनेत उलट वाढ, आणि जोडीला तीन कप. अर्थात हा हिशेब मागाहून मांडलेला आहे. २००८ मध्ये शिकागोचा करार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. होसाने जे पणाला लावले होते ते त्या दिवशीच्या दृष्टीने पूर्ण सात-आठ कोटी होते. पण म्हणूनच दोन निर्णयांतला फरक पाहण्यासारखा आहे. पहिल्यांदा त्याने वार्षिक पगार राखला आणि वर्षे सोडली. दुसऱ्यांदा वर्षे घेतली आणि सरासरी खाली आणली. पहिल्या पद्धतीत त्याला एक संधी मिळाली, दुसऱ्या पद्धतीत आठ हंगाम एका उत्तम संघात राहता आले. कप ज्याला हवा आहे त्याने एका वर्षासाठी सर्वांत बलाढ्य संघ शोधावा, की बराच काळ बलाढ्य राहील असा तरुण संघ शोधून त्याच्या मर्यादेत आपण कमीत कमी जागा व्यापावी, या प्रश्नाचे उत्तर होसाच्या बाबतीत तरी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

या दुसऱ्या पर्यायाची किंमत मात्र लीगने लवकरच वाढवली. २०१० मध्ये न्यू जर्सीने इल्या कोव्हालचुकला देऊ केलेला सतरा वर्षांचा करार एनएचएलने फेटाळला आणि लवादानेही तो अमान्य ठरवला. २०१३ च्या सामूहिक कराराने कराराची मुदत स्वतःच्या संघासाठी आठ आणि इतरांसाठी सात वर्षांवर आणली, आणि खेळाडू करार संपण्याआधी निवृत्त झाल्यास जुन्या लांब करारांतून उपभोगलेली सवलत संघाकडून वसूल करण्याची तरतूद केली. होसाची गोष्ट येथेही वादातून सुटली नाही. जून २०१७ मध्ये, नेमकी १० लाखांची वर्षे सुरू होण्याच्या तोंडावर, त्वचेच्या वाढत्या विकारामुळे आणि त्यावरील औषधांच्या दुष्परिणामांमुळे आपण खेळू शकणार नाही असे त्याने जाहीर केले. वेळ पाहून काहींनी भुवया उंचावल्या. त्याच्या आजारावर शंका घेण्यासारखे काही पुढे आले नाही. शंका घ्यायचीच असेल तर ती असे करार होऊ देणाऱ्या नियमांवर घ्यावी. शिकागोने जुलै २०१८ मध्ये त्या कराराचा उरलेला भाग ॲरिझोनाकडे सोपवला. होसा तिथे कधीच खेळला नाही. २०२० मध्ये त्याची हॉकी हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली आणि २०२२ मध्ये शिकागोने त्याचा ८१ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला.

इतरांनी काय केले

होसाच्या आधीचे गाजलेले उदाहरण २००३ चे आहे. अनाहाइमचा कर्णधार पॉल कारिया अंतिम मालिका सातव्या सामन्यात हरल्यानंतर, वर्षाला एक कोटीची पातळी सोडून, आपला मित्र तेमू सेलाने याच्याबरोबर कोलोराडोला गेला, आणि तोही अवघ्या १२ लाख डॉलरवर. तेव्हा पगारमर्यादा नव्हती. कोलोराडोकडे जो साकिक आणि पीटर फोर्सबर्ग होते. कागदावर तो संघ अजिंक्य दिसत होता. दुखापतींमुळे कारिया जेमतेम ५१ सामने खेळला, सेलानेचा तो तोवरच्या कारकिर्दीतील सर्वांत फिका हंगाम ठरला, आणि दुसऱ्या फेरीत सॅन होजेने कोलोराडोला घरी पाठवले. सेलाने पुढे अनाहाइमला परतला आणि २००७ मध्ये तिथेच त्याने कप जिंकला. कारियाला तो कधीच मिळाला नाही. एका वर्षाचे तिकीट काढण्याची पद्धत होसाप्रमाणेच त्यांच्याही बाबतीत फळली नाही, हा योगायोग असेलही. पण चार मालिकांचे वर दिलेले गणित पाहता त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

अलीकडचे उदाहरण पुन्हा एडमंटनचेच आहे, पण बाजू उलटली आहे. २०२४ आणि २०२५ अशा सलग दोन अंतिम मालिका फ्लोरिडाकडून हरल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एडमंटनचा आघाडीचा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड याने आपल्याच संघाशी केवळ दोन वर्षांचा नवा करार केला आणि पगार वर्षाला १ कोटी २५ लाख, म्हणजे २०१८ पासून होता तेवढाच ठेवला. नियमांनुसार तो याहून कितीतरी अधिक मागू शकला असता. त्याच्या आठवडाभर आधी किरिल कप्रिझोव्हने मिनेसोटाशी आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाखांचा करार केला होता. मॅकडेव्हिडने होसाच्या दोन्ही निर्णयांतला एकेक भाग उचललेला दिसतो. शिकागोप्रमाणे संघासाठी मर्यादेत जागा सोडली, आणि डेट्रॉइटप्रमाणे मुदतही आखूड ठेवली, ज्यामुळे ती जागा नीट वापरण्याचा दबाव व्यवस्थापनावर राहतो. हा करार २०२६-२७ पासून सुरू होऊन २०२८ च्या उन्हाळ्यात संपतो.